ड्रमगर्थची चावी

"दार काढायचं, कुलूप काढायचं आणि चावी हापिसात जमा करायची. मला एवढंच सांगितलंय, इना मावशी," गॅव्हिन स्पिंक उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला. आत गेलो तर चहा घ्यावा लागेल, आणि चहा घेतला की चावी मागायला जीभ रेटणार नाही, हे त्या सुताराला पक्कं ठाऊक होतं.

इना मेल्ड्रमने भिंतीवरची चावी काढली. वीतभर लांब, लोखंडी. आधी ती तिच्या सासूकडे असायची, सासू गेल्यापासून तिच्याकडे.

"परत आणून देशील ना?" तिने विचारलं.

"कशाला? दारच राहणार नाही, तर चावीचं काय लोणचं घालणार? काम उरकलं की मी पलीकडच्या रस्त्यानं परस्पर जाईन. गाडी तिकडंच लावलीय."

इनाने चावी त्याच्या हातावर ठेवली. गॅव्हिनला स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी याच उंबऱ्यावर बसून त्याने तिच्या हातचे गरम स्कोन खाल्ले होते.

पण किल्ला सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीचं तरी काय चुकलं? ड्रमगर्थचा किल्ला म्हणजे तीन भिंती आणि अर्धा बुरूज. चौथी भिंत त्याच्या आजोबांच्या काळातच एका वादळात समुद्राने गिळली होती. ओहोटीला खडकांवरून गेलं तर गाय हाकत आत नेता येईल एवढं भगदाड. आणि जमिनीकडच्या दाराला मात्र हे भलंमोठं कुलूप! लांबलांबचे लोक किल्ला बघायला यायचे. इनाचं दार ठोठावून चावी घ्यायचे, मेंढ्यांच्या कुरणातून चालत जायचे, आणि चावी परत देताना चहा पिऊन जायचे. गावच्या लोकांना भगदाड तोंडपाठ होतं, तरी तेही मुकाट चावी मागायला यायचे. शेजारच्या गावाला हसायला तेवढंच पुरायचं. 'चोराला भगदाड आणि सावाला कुलूप,' ते म्हणायचे. गॅव्हिन त्याच शेजारच्या गावचा. तोही हसलेला होता.

त्याने कुलूप उघडलं. आधी पोटोबा म्हणून पाव आणि चीज घेऊन समुद्राकडच्या बाजूला जाऊन बसला. तेवढ्यात पाण्यावरून धुकं आलं. या किनाऱ्याचं धुकं सांगून येत नाही. बघता बघता बुरूज दिसेनासा झाला, मग दार, मग स्वतःचे बूट. तो उठला आणि दाराच्या अंदाजाने चालू लागला. अंदाज चुकला. पायाखाली गवत होतं, पण गवताखाली काही नव्हतं.

तळघरात पडला तेव्हा उजव्या पायातून कट्‌ असा आवाज आला. कळ मस्तकात गेली. वर हात पोचत नव्हता. फोन गाडीत राहिला होता. तळघराच्या फुटक्या कडेतून समुद्र दिसत नव्हता, ऐकू मात्र येत होता. भरती सुरू झाली होती.

त्याने हाका मारल्या. धुक्याने त्या तिथल्या तिथे जिरवल्या. मग तो हिशेब करू लागला, की आपल्याला शोधणार कोण? शीला, त्याची बायको, तिला वाटत होतं की तो मुक्कामाला भावाकडे पीटरहेडला गेलाय. भावाला तो म्हणाला होता, "आज नाही तर उद्या येईन." कचेरीला चावी मिळाली काय आणि चार दिवस न मिळाली काय, सारखंच. आणि इना मावशी? तिला तर तो स्वतःच्या तोंडाने सांगून आला होता की परत येणार नाही म्हणून.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा गॅव्हिन घाबरला. बाप्या माणूस, पण अगदी पोरासारखा घाबरला आणि रडला. बघायला कोणी नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

पाणी मांडीपर्यंत चढलं, तेव्हा वरून आवाज आला. "गॅव्ही! ओ दे रे! जागचा हलू नकोस!"

इना होती. बरोबर समुद्रातली शेवंडं पकडणारे दोघे भाऊ, अँगस आणि जॉक, खांद्यावर दोर घेऊन. त्यांनी शिव्या घालत घालत त्याला वर ओढला. इनाने आपली शाल त्याच्याभोवती गुंडाळली आणि थरमासमधला चहा त्याच्या तोंडाला लावला. शेवटी चहा चुकला नाहीच.

दात वाजायचे जरा थांबल्यावर तो म्हणाला, "मावशी, मी तर चावी कायमची नेली होती. परत येणार नाही म्हणून सांगितलंही होतं. मग तू आलीस कशी?"

"संध्याकाळ झाली आणि चावी परत आली नाही. मला घरात बसवेना," ती म्हणाली. "सासूपासूनची सवय आहे. धुकं पडलं आणि चावी आली नाही, की आम्ही दोर घेऊन निघतो. तू काही पहिला नाहीस."

"अजून एकाची भर पडली आमच्या यादीत," जॉक दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

विरत चाललेल्या धुक्यातून गॅव्हिन त्या तीन भिंतींकडे, त्या एवढ्या मोठ्या दाराकडे बघत राहिला. "आणि आम्ही हसायचो तुम्हाला! अगं, मग कुलपाचं हे नाटक कशाला? सरळ पाटी लावायची, आत जाताना मेल्ड्रमबाईंना सांगून जा म्हणून."

"लावली होती की सासूनं," इना म्हणाली. "'सांगून जा' म्हटलं की कोणी सांगत नाही रे, पोरा. चावी मागायला मात्र सगळे येतात."