थांबायची जागा

ताईने पर्समधून रुमाल काढला, रुमालातून पंजाएवढी काचेची पट्टी काढली आणि ती जेवणाच्या टेबलावर आईपुढे ठेवली. पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर होता आणि थरावर पेन्सिलीने काढलेली सात-आठ वर्तुळं.

"हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"तुझी पुडी."

पावणेचार वाजले होते. बाहेरच्या खोलीतला धाकट्या भावाचा दवाखाना चारला उघडायचा. पुडी सांधेदुखीवरची, निव्वळ सोळा वनस्पतींची, असं डब्यावर लिहिलं होतं आणि दारावरच्या पाटीवरही लिहिलं होतं. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहावी लागते म्हटल्यावर ताईला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आईचे गुडघे वर्षभरात मोकळे झाले होते, चेहरा गोल झाला होता, आणि शेजारणी "अंग धरलंय हो!" म्हणून कौतुक करत होत्या. गेल्या खेपेला ताईने त्या गोल गालांकडे नीट पाहिलं. मनगटावरचे कुठेही न आपटता उमटलेले निळे डाग मोजले. पाच भरले. निघताना तिने डब्यातली एक पुडी उचलली.

धाकटा केस विंचरत आत आला. पट्टी पाहून थबकला. "काय ताई, तुमच्या औषध तपासणीवाल्यांना बाहेर काम उरलं नाही वाटतं? आता घरावरच धाड?"

"बस खाली. तुझ्या सोळा वनस्पती मोजून घे." ताईने बोट पट्टीच्या तळाशी नेलं. "इथे एका टिंबात सगळं मिसळलेलं होतं. पट्टीचं टोक द्रवात उभं केलं की द्रव थरातून वर चढतो आणि टिंबातलं सगळं बरोबर न्यायला बघतो. ज्याला थर सोडत नाही ते खालीच राहतं, ज्याला द्रवाची ओढ ते लांब जातं. प्रत्येकाची थांबायची जागा ठरलेली. हा सगळा तुझा झाडपाला. आणि हा डाग बघ. शेजारी मी शुद्ध स्टेरॉईडचं टिंब दिलं होतं. ते बरोबर ह्याच रेषेवर थांबलं."

"असेल योगायोग."

"मलाही योगायोगच हवा होता रे. म्हणून द्रव बदलून पुन्हा केलं. मग तुझी पुडी आणि ते स्टेरॉईड एकाच टिंबात घालून केलं. वेगळे असते तर त्या जागी दोन डाग पडले असते. एकच पडला."

एक गोष्ट तिने सांगितली नाही. पट्टीवर पेनाने लिहायचं नाही, पेन्सिलच वापरायची, शाई द्रवाबरोबर चढते, हे ती बावीस वर्षं नवशिक्यांना बजावत आली होती. आणि परवा तिनेच पहिल्या पट्टीवर टिंबाखाली पेनाने 'आई' असं लिहिलं. पाच मिनिटांत ती अक्षरं निळी-जांभळी फुटत वर गेली आणि सगळी पट्टी नासली.

"रिपोर्ट केलास?" धाकट्याने विचारलं. कंगवा अजून हातातच होता.

"अजून नाही. आधी आईचं बघू." ती आईकडे वळली. "ह्याने हाडं पोकळ होतात, आई. साखर चढते. आणि एकदम थांबवलंस तर तेही जिवावर बेतेल. हळूहळू उतरवावं लागतं. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

"आई, तू सांग हिला काहीतरी," धाकटा म्हणाला. पट्टीकडे त्याने पुन्हा पाहिलं नव्हतं.

आईने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला लागलेली पांढरी भुकटी पदराला पुसली.

"एवढा खटाटोप कशाला केलास गं? मला विचारायचंस. तू काचेवर बघितलंस, मी मिक्सरच्या भांड्यात बघितलं. भांडं मीच तर धुते. झाडपाल्याच्या तळाशी गोळ्यांचे पांढरे तुकडे राहतात."

धाकट्याने मान खाली घातली. आईला ठाऊक आहे, हे त्याला नवीन होतं.

"माहीत होतं? आणि तरी घेतेस?" ताईने विचारलं.

"तुझं काय, तू पहिल्यापासून पास होत आलीस. ह्याने हात लावला आणि ते चाललं, असं आजवर काय होतं, सांग? आता लोक ह्याला अहो-जाहो करतात. वाट बघत बसतात ह्याची."

"त्या लोकांचं काय मग, आई?"

आईने डब्यातून आजची पुडी काढून उलगडली, जिभेवर रिकामी केली आणि वर पेलाभर पाणी प्यायली. पेला खाली ठेवताना बेल वाजली.

धाकट्याने कॉलर सारखी केली आणि तो बाहेर गेला. ताईने दाराच्या फटीतून माणसं मोजली. अकरा होती. एक म्हातारी मुलीच्या खांद्यावर सगळा भार टाकून उभी होती, तिच्या मनगटावर अजून एकही डाग नव्हता.

"ह्या माझ्या मातोश्री," धाकट्याचा आवाज आला. "वर्षापूर्वी अंथरुणावरून उठत नव्हत्या. आई, या जरा बाहेर."

आईने टेबलाच्या कडेला धरून स्वतःला उठवलं. दारात पोचल्यावर चौकटीला टेकलेला हात काढला, पाठ ताठ केली.

"आई, उद्याचं काय?" ताईने मागून विचारलं.

आई चालू लागली. बाकावरच्या माना तिच्या पावलांबरोबर वळत गेल्या. एकूण चौदा पावलं. चौदाव्याला, रोज थांबायची तिथेच, लेकाच्या खुर्चीमागे ती थांबली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.