पहार

पहारीचा पहिला फटका माझ्या मनगटावर बसला, दुसऱ्यानं कॅन फुटला. पहार माझ्या सख्ख्या भावाच्या हातात होती; कीटकनाशकांच्या या कारखान्यात तो मालकाची गाडी चालवतो. मागच्या आवारात वर्षानुवर्षं सांडलेल्या औषधानं गवताचं पातंही उगवत नव्हतं, शेजारच्या विहिरी नासल्या होत्या. तेच विष खाऊ घालून मी मातीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले होते. पण नुसते ओतले तर ते उन्हात मरतात. वीतभर खोल खणून मातीत मुरवावे लागतात. मालक खणू देईना. खणू दिलं म्हणजे जमीन नासवल्याचं कबूल केल्यासारखंच. उलट आज जिवाणूंनी भरलेले माझे कॅन प्रयोगशाळेतच फोडायला त्यानं भावालाच पाठवलं. तो मात्र कॅनसकट मला फरफटत इथं आवारात घेऊन आला. "साहेब, तुमच्या डोळ्यांसमोर फोडतो, म्हणजे जिवाला गार वाटेल!" मालक खुर्ची टाकून बसला. "फोड! बहीण म्हणून हात आखडू नकोस." भावानं आखडला नाही, माझ्या तोंडात रक्त आलं. शेवटचा कॅन फुटला तरी तो थांबेना, अंगात आल्यासारखा ओल्या जमिनीवर पहार घालत सुटला, ढेकळं उडाली, खड्डा पडला. "अरे बास, जमिनीचा काय गुन्हा?" मालक पोट धरून हसला. "मुडदा बसवला तुझा!" म्हणत मी भावावर धावले. त्यानं माझे केस धरून मला त्याच खड्ड्यात दाबलं आणि कानाशी तोंड आणलं. "ताई, वीतभर झालं. पुरे ना?"