हलव्याचे दोन सेट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने आम्हा दोघींना टोरांटोच्या मराठी मंडळात बोलावलं. उन्हाळ्यात मी मारिसाशी लग्न केलं, ते होऊ नये म्हणून याच आईने देव पाण्यात ठेवले होते.

सगळ्या बायकांसमोर तिने पुण्याहून मागवलेला खोका उघडला. पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने! रीत अशी की मुलीला बिंदी-बाजूबंद, जावयाला हार-नारळ.

मी कुजबुजले, "आई, जावयाचा हार हिच्या गळ्यात घालू नकोस हं."

"मला शिकवू नकोस," म्हणत आईने मारिसाच्या कपाळावर बिंदी बांधली. मग हुबेहूब तशीच माझ्या.

"दुकानातली बाई फोनवर विचारते, मुलीचेच दोन सेट? दोन लग्नं झाली का?" आई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "म्हटलं, मुली दोन. लग्न एकच."