काच वरच राहू दे

राजूरहून बदनापूरच्या टेसनाकडं निघालेली मोटार मधेच थांबली, कारण रस्त्यावर बाभळीची अख्खी फांदी आडवी टाकलेली होती. अठ्ठेचाळीस सालचा भादवा. जुनं राज्य कोसळत होतं, रस्ते कुणाचेच राहिले नव्हते, म्हणून दुर्गाबाईंचे दोन्ही लेक घरच्या बायांना सरहद्दीपलीकडं मनमाडला पोचवायला निघाले होते. मोटार हाकणारा थोरला बद्रीनाथ फांदी ओढायला खाली उतरला, आणि ज्वारीतून माणसं निघाली.

एकानं त्याच्या मानेवर कुऱ्हाड टेकवली.

मोटारीत मागच्या बाकावर एका कडेला दुर्गाबाई, मधे बद्रीनाथची बायको उषाबाई, आणि दुसऱ्या कडेला काचेशी धाकटा भुजंग, मांडीवर पिस्तूल घेऊन. पाटलाची बाई मोटारीत बसली की काच वर आणि पडदा ओढलेला, पुढच्या बाकामागंही, हा दुर्गाबाईंचा कायदा. वैशाखात जालन्याच्या भर बाजारात सून घामानं निथळून निघाली, पण काच बोटभर खाली आली नव्हती.

बाहेर कुऱ्हाडवाला विचारत होता, मोटारीत कोण हाय. बद्रीनाथ हात जोडून सांगत होता, कोणी न्हाई.

भुजंगनं पडदा जरासा सारला. कुऱ्हाडवाला भावापेक्षा वीतभर उंच होता. त्याचं डोकं नेमाला मोकळं दिसत होतं. भुजंगचा हात काचेच्या मुठीकडं गेला.

"काच वरच राहू दे," दुर्गाबाई म्हणाल्या.

"माय, तिरकं मारायचंय. मधी काच आली तर गोळी कुठं जाईल सांगता येत न्हाई."

"गोळीला काचेचं काय रे? काच का लोखंड हाय? का चोरापुढं पाटलाची सून मांडून ठेवतो?"

तेव्हा उषाबाईनं सासूचं मनगट धरलं. घेऊ द्या खाली, आत्याबाई, म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच काही मागत होती. दुर्गाबाईंनी हात झटकून टाकला.

बाहेर कुऱ्हाड वर गेली. भुजंगनं काचेआडूनच नेम धरला आणि चाप ओढला.

मोटारीत कान बधिर झाले. काच फुटून पडली न्हाई. एक भोक, आणि भोवती कोळ्यानं जाळं विणावं तशा पांढऱ्या भेगा. पलीकडचं काही दिसेना. पळणारी पावलं ऐकू आली, मग ज्वारीची सळसळ. मग तीही थांबली.

"पळाले," दुर्गाबाई म्हणाल्या. "बघ. म्हणं काच."

दुर्गाबाईंनी पुढं वाकून थोरल्याला हाक दिली, "बद्री, चल जल्दी. गाडी चुकंल."

फांदी कुणी ओढत नव्हतं.

त्यांनी पुन्हा हाक दिली. मग सुनेच्या आणि भुजंगच्या अंगावरून हात घालून त्यांनी ती मूठ धरली आणि फिरवू लागल्या. काच करकरत, अडत खाली गेली. भेगा गेल्या, भोकही दारात गेलं. बाहेरचं सगळं स्वच्छ दिसायला लागलं. बद्रीनाथ फांदीवर पालथा पडला होता. त्याच्या पायाशी कुऱ्हाड टाकून दिलेली होती, उन्हात लखलखत, आणि तिच्या पात्यावर रक्ताचा एक थेंब नव्हता.