आईची नवी भाषा

"आई, तेच पुन्हा म्हण ना," माईक तिच्या तोंडासमोर धरत लेक म्हणाली.

"लवणे तुकी? सार मिरेल, लवणे?" आई म्हणाली.

"वा!" लेकीने रेकॉर्डिंग थांबवलं आणि ती कपाटात शिरली.

कपाट म्हणजे तिचा स्टुडिओ. आतून रजया लावलेल्या, माईकवर जुना मोजा चढवलेला. एरवी ती बसस्थानकावर घोषणा करायची. आवाज असा की गाडी उशिरा आल्याचाही कुणाला राग येऊ नये. सध्या रजेवर होती. जिन्यावरून मायलेकी एकदमच गडगडल्या आणि तेव्हापासून आईची भाषा गेली. हेल तेवढे शाबूत राहिले. प्रश्न प्रश्नासारखा, रागावणं रागावण्यासारखं. आत अर्थाचा पत्ता नाही.

रडत बसण्यापेक्षा लेकीने या भाषेचा अल्बम करायला घेतला. आईचे आवाज कापायचे, उलटे लावायचे, किटलीच्या शिटीवर नाहीतर नळाच्या टपटपीवर चढवायचे. एका तुकड्याचं नाव तिने ठेवलं 'सकाळची क्रियापदं', दुसऱ्याचं 'रागावण्याचं व्याकरण'.

शेजारीण आली की आई तिच्याशीही घडाघडा बोलायची. ती बिचारी मान डोलवत ऐकून घ्यायची. भली बाई.

हल्ली मात्र आईचं काहीतरी बदललं होतं. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती एकेक अक्षर सुटं करून बोलायची, जणू लेकीलाच शिकवतेय. लेकीच्या अंगावर काटा यायचा. तरी माईक चालूच असायचा.

एका दुपारी परगावचा धाकटा भाऊ अचानक दारात उभा राहिला. आईनेच फोन लावला असणार. काय बडबडली कोण जाणे, पण पोरगा धावत आला होता.

"आधी पाणी पी रे," लेक म्हणाली.

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "पेमी रासट कुणे?"

आई उत्तरली. त्याने पुन्हा काही विचारलं. दोघं आळीपाळीने बोलत राहिले, कुठेही न अडता.

बहिणीला हसू फुटलं. "आईचं मन राखतोयस होय? पण काय हुबेहूब जमलंय तुला!"

तो हसला नाही. तिचा हात घट्ट धरून तिच्याशीही तसंच बोलू लागला.

"पुरे हं. थट्टेलाही वेळकाळ असतो," ती हात सोडवत म्हणाली.

भावाचे डोळे भरून आले. आईची अवस्था त्याला आत्ता कुठे कळतेय, असं तिला वाटलं. तिने त्याला कपाटात नेऊन बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवले. "ऐक. मग आईचं एवढं वाईट वाटायचं नाही."

किटली वाजली. नळ टपटपला. मग त्याला आईचा आवाज ऐकू आला, दमलेला, पण स्वच्छ.

"बाळा, मी बोलते ते कळतंय का तुला? तू काय म्हणतेस ते मला समजत नाही गं. डॉक्टरांकडे जाऊ या का पुन्हा?"

आणि त्यावर बहिणीचा आवाज, घोटीव, प्रसन्न, कुठेही न अडखळणारा:

"नुरक तेसी, अमेल! पालम वेरु तसगी नोय."