गयासभाईंचा स्वच्छ माल

गयासभाईंनी झाकणाची डबी लेकीच्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. औरंगपुऱ्यात तीस वर्षं जांभळाचा गाडा लावणारा माणूस. पण असला माल आजवर कुणाला दिला नव्हता. तोही पोटच्या पोरीला! तोबा!

जहांआराला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. तिची पीएच.डी. शौचाच्या असल्याच वीस डब्यांवर अडली होती. जांभळं खाल्ल्यावर पोटातले जंतू त्यांचं काय करतात, हे तिला तपासायचं होतं. हंगाम संपत आलेला, आणि सरांनी बजावलं होतं, यंदा जमलं नाही तर मुदतवाढ नाही.

गयासभाईंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. बापाच्या पोटात जंतू निघाले आणि ते सरांनी पाहिले, तर पोरीनं तोंड कुठं दाखवायचं? गिऱ्हाईकापुढं ते एक नासकं जांभूळ जाऊ देत नसत. धुऊन, पुसून, निवडून ठेवत. मग पोट तसंच कसं द्यायचं? मेडिकलवाल्याला गाठून त्यांनी जंतू मारायच्या गोळ्या आणल्या होत्या आणि पाच दिवस गुपचूप घेतल्या होत्या.

आठवड्यानं जहांआरा कॉलेजातून आली ती मटकन खाटेवर बसली. "अब्बा, तुमच्या डबीत जंतू जवळजवळ नाहीतच!"

"कसे असतील?" गयासभाईंची छाती फुगली. "लई जालीम गोळ्या घेतल्या, बेटा. तुझी मान खाली जाऊ दिली नाय."

जहांआरानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! अहो, मला जंतूच पाहिजे होते! जांभळातलं सत्त्व आपल्या अंगाला नुसतं लागत नाही. हे जंतू त्याचं कामाचं काहीतरी करून देतात. सगळ्यांकडं ते नसतात. तुमच्याकडं नक्की असणार म्हणून मी आशेवर होते."

गयासभाईंचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी वर्षं बिनबोभाट राबणाऱ्या बिचाऱ्यांना आपण आपल्या हातानं मारलं, आणि पोरीची मेहनतही मातीत घातली! त्यांना रडूच आलं.

बापाचं तोंड बघून लेकीलाच कळवळा आला. "जाऊ द्या, अब्बा. गल्लीतल्या बाकी एकोणीस जणांच्या डब्या उद्या यायच्यात. भागेल तेवढ्यावर."

गयासभाई हळूच म्हणाले, "बेटा, इज्जत काय एकट्या बापाची असते? गोळ्या मी सगळ्या गल्लीत वाटल्या."