सासूबाईंचा टाका

दर शुक्रवारी सासुरवाडीला जेवलो की माझ्या पोटात पीळ पडायचा. उलटीची उबळ यायची, पण बाहेर काही पडायचं नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी दवाखाना उघडेपर्यंत सगळं शांत. मग उपाशीपोटी एक्स-रेचा फोटो काढायचा आणि तो स्वच्छ यायचा. अम्मानचे मोठे डॉक्टर सुहैल तिसरा फोटो बघून म्हणाले, "पोटात काही नाही. सासुरवाडीचं टेन्शन घेता तुम्ही."

सासूबाई सोबत होत्या. मेंढीच्या पोटात भात-खिमा भरून विकण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलीत. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गच्च भरलं की ते गर्रकन फिरतं. म्हणून मी टाका मारून एका जागी बांधते. फोटो जेवणानंतर काढा."

गच्च भरतं कोण, ते मात्र त्या बोलल्या नाहीत.

"हज्जा, तुम्ही तुमची पातेली सांभाळा," थोरल्या बाईला इकडे म्हणतात तसं 'हज्जा' म्हणत डॉक्टर हसले.

पुढच्या शुक्रवारी नको नको म्हणताना ताटात तिसऱ्यांदा वाढलं गेलं, आणि मला भरल्या पोटीच इस्पितळात न्यावं लागलं. फोटोत पोट चक्क उलटं फिरलेलं. डॉक्टर सुहैल नर्सना सांगत होते, "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. आता ते सरळ करायचं आणि टाके घालून एका जागी बांधायचं."

मला ऑपरेशनला नेताना ते सासूबाईंपाशी थांबले आणि हळूच म्हणाले,



"हज्जा, तुम्ही किती टाके घालता?"